टोकियो डिस्नेसाठी प्रायव्हेट गाइड घ्यावा का? (सोबत आईबाबा आणि दोन मुलं)

खारघरचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, मे महिन्यात जपानला जायचं ठरतंय, म्हणजे विमानाची तिकिटं काढून झालीत त्यामुळे आता ठरतंय म्हणण्यात काही अर्थ नाही. आम्ही सहा जण आहोत, मी, बायको, आईबाबा (बाबा ७३, आईचे गुडघे दुखतात), मुलगी ९ वर्षांची आणि चिरंजीव ५. बाकी सगळं मी स्वतः बघतोय, क्योतो वगैरे झालं बुक करून, पण डिस्नेचा दिवस आला की डोकं चालेनासं होतं. इतकी ॲप, पास, स्लॉट, आणि त्यावर यूट्यूबवर प्रत्येकाचं वेगळंच.

एका एजंटने प्रायव्हेट टूर सांगितलीये. सकाळी ७ ला हॉटेलच्या दारात व्हॅन, इंग्लिश बोलणारा गाइड दिवसभर आपल्यासोबत, रात्री परत आणून सोडणार. म्हणतो व्हीआयपी एक्स्पिरियन्स आहे सर, लाइनचं टेन्शन नाही. पैसे मात्र आमच्या सहाही जणांच्या पार्कच्या तिकिटांपेक्षा जास्त होतात आणि तिकिटं त्यात धरलेलीच नाहीत. तारीख ३ मे देतोय. बायको म्हणते घेऊन टाक, आईंचे हाल नकोत. मला वाटतंय एवढ्या पैशात अजून दोन दिवस राहून होईल. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चिंगुची_आई

वाचनखूण साठवली. आम्हालाही दिवाळीत जायचंय.

अण्णा_डोंबिवली

अहो खोपोलीला इमॅजिका आहे की, एवढ्या लांब कशाला :) गंमत केली, हलकेच घ्या. आमच्या वेळी एस्सेलवर्ल्डला गोराईच्या बोटीत बसलं तरी पोरं खूश असायची. तेही बंद पडलं २०२२ ला.

निशीकासाईकर

पाहुणे, गाइड नंतर, आधी ती ३ मे ची तारीख बदला. एजंटने ती तारीख दिली यातच तो किती पाण्यात आहे ते कळतंय. २९ एप्रिल ते ५ मे इथे गोल्डन वीक असतो, सगळं जपान सुट्टीवर, आणि ३, ४, ५ मे तर सलग सरकारी सुट्ट्या. आपल्या शाळांच्या सुट्ट्या नेमक्या तेव्हाच पडतात म्हणून आपली लोकं दरवर्षी बरोब्बर त्यात सापडतात. ७ मे नंतरचा मंगळ, बुध, गुरू यातला कुठलाही दिवस घ्या. मेमध्ये बाहेरगावच्या शाळांच्या सहली असतात, युनिफॉर्ममधली पोरं झुंडीने दिसतील, पण तरी फरक जमीनअस्मानाचा आहे.

मी राहतो निशी-कासाईला, टोकियोतली अर्धी भारतीय वस्ती इथेच आहे म्हणा ना, आणि डिस्ने आमच्या खाडीपलीकडे. कासाई स्टेशनवरून थेट बस जाते. त्यामुळे भारतातून कोणी आलं की ड्यूटी माझ्यावरच, गाइड म्हणाल तर मीच फुकट गाइड. तर जे सांगतोय ते त्या अनुभवावरून.

एजंट जे लाइनचं टेन्शन नाही म्हणतोय ते सरळ सरळ खोटं आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या डिस्नेमध्ये कंपनीची स्वतःची व्हीआयपी टूर असते, किमान ७ तास, दहा माणसांपर्यंत, ताशी शेकडो डॉलर, आणि त्यांचा माणूस तुम्हाला खरंच वेगळ्या दाराने राइडवर नेतो. लोक तेच व्हिडिओ बघून इथे येतात. टोकियोत बाहेरून आणलेल्या गाइडला पार्कच्या आत काडीचाही अधिकार नाही. तो तुमच्यासारखाच तिकीट काढून आत येतो (ते तिकीट बहुतेक वेळा तुम्हालाच काढावं लागतं, विचारून घ्या) आणि तुमच्यासारखाच रांगेत उभा राहतो. तुम्ही आईस्क्रीम खाताय आणि तो तुमच्यासाठी रांग धरून ठेवलीये असलं पण इथे चालत नाही, सगळा ग्रुप एकत्र रांगेत हवा.

खारघरचा_पाहुणा

बापरे. मग तो लाइन नाही म्हणतोय ते कशाच्या जोरावर?

निशीकासाईकर

प्रीमियर ॲक्सेसच्या जोरावर, म्हणजे छोट्या रांगेतून राइडवर जायचा पास. तो विकत मिळतो, कोणालाही मिळतो. पार्कच्या ॲपमधून घ्यायचा, राइडप्रमाणे माणशी साधारण १,५०० ते २,००० येन, आणि गेटमधून आत शिरल्यावरच घेता येतो. एक घेतला की दुसऱ्यासाठी साधारण तासभर थांबावं लागतं, म्हणून आत पाय टाकल्या टाकल्या पहिला घ्यायचा. गाइड फक्त तुमच्या पैशाने तुमच्यासाठी बटण दाबतो.

त्यात सोय अशी आहे की सहाही तिकिटांचे क्यूआर एकाच फोनमध्ये भरून ठेवता येतात. म्हणजे बायकोच्या फोनमध्ये सगळे, ती पास घेणार, तुम्ही स्ट्रोलर ढकलणार. ॲप इंग्रजीत आहे. चार दिवस आधी डाउनलोड करून अकाउंट बनवा आणि कार्ड चालतंय का बघा, आपल्या बँकांची कार्डं कधी कधी तिथे अडकतात, दोन वेगळ्या बँकांची ठेवा.

गोडमिट्ट

निशीकासाईकरांना अनुमोदन, पण एक बाजू माझीही ऐका. आम्ही गाइड घेतला होता आणि सासूसासरे सोबत असल्यामुळे मला तरी ते पैसे वाया गेले असं वाटलं नाही. रांग वगैरे काही वाचली नाही हे खरंय. पण आमची गाइड, पन्नाशीच्या बाई होत्या, सकाळी आम्हाला म्हणाल्या की तुम्ही मुलांना घेऊन जा, मी यांच्याबरोबर बसते. आणि बसल्या! सासूबाईंना त्या मोठ्या बोटीतून फिरवलं, मग गाडीत बसवलं, चहा पाजला, परेडच्या आधी दोघांना सावलीत जागा धरून दिली. आम्ही दोघं आणि पोरं तोवर बिग थंडर रोलरकोस्टर करून आलो. सासूबाई अजून त्या बाईंचं नाव काढतात, आम्ही कुठे कुठे नेलं ते मात्र विसरल्या.

शिवाय खाण्याचं. आमचे सासरे अंडंसुद्धा खात नाहीत. बाई प्रत्येक काउंटरवर जपानीत विचारायच्या की यात मासा आहे का, सूप कशाचं आहे. इथे भाजी दिसते तशी नसते हो, सगळ्यात दाशी, म्हणजे माशाचं पाणी. आपण नुसतं व्हेज म्हटलं की समोरचा गोड हसून मान हलवतो आणि वर चिकनचे तुकडे काढून देतो.

मुक्काम_पोस्ट_बाणेर

आमचा अनुभव नेमका उलटा. कंपनीचं नाव लिहीत नाही. गाइड म्हणून कॉलेजचा मुलगा आला, इंग्लिश यथातथा, ॲप त्याने आमच्यासमोर पहिल्यांदा उघडलं. प्रीमियर ॲक्सेस म्हटल्यावर मीच त्याला दाखवत होतो कुठे दाबायचं. दुपारी त्याला भूक लागली मग त्याच्या जेवणाचं बिल आमच्याकडे, ते कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. रात्रीचे फटाके बघायला थांबायचं म्हटलं तर ओव्हरटाइम तासाच्या हिशोबाने. आमच्या हिने त्याला सरळ साडेसातला घरी पाठवलं आणि आम्ही ट्रेनने आलो. ट्रेनचा प्रवास पंधरा मिनिटांचा निघाला, डोक्याला हात लावला.

अण्णा_डोंबिवली

गाइडला लायसन्स वगैरे लागत नाही का तिकडे? आपल्याकडे अजिंठ्याला बिल्ला बघतात.

निशीकासाईकर

अण्णा चांगला प्रश्न. राष्ट्रीय परीक्षा आहे, दुभाषा-गाइडची, आणि बरीच अवघड आहे, इतिहास भूगोल सगळं येतं त्यात. पूर्वी ती पास झाल्याशिवाय पैसे घेऊन गाइडगिरी करता येत नव्हती. जानेवारी २०१८ पासून कायदा बदलला, आता कोणीही पैसे घेऊन गाइड होऊ शकतो, फक्त परीक्षा न देता स्वतःला ती पदवी लावता येत नाही. म्हणून गोडमिट्ट यांना मिळाल्या तशा बाई पण असतात आणि बाणेरकरांना मिळाला तसा पोरगा पण. बुक करताना नॅशनल लायसन्स आहे का ते लेखी विचारायचं. अर्थात लायसन्सवाल्याला कामाकुराच्या देवळांची खडानखडा माहिती असेल आणि डिस्नेचं ॲप येत नसेल असंही होऊ शकतं, तेव्हा तेही विचारायचं.

गाडीचंही एक आहे. भाड्याने माणसं नेणाऱ्या गाडीची नंबरप्लेट इथे हिरवी असते, पांढऱ्या अक्षरांची. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी. पांढऱ्या प्लेटची व्हॅन पैसे घेऊन पर्यटक नेत असेल तर ते बेकायदेशीर आहे, शिरोताकु म्हणतात त्याला, पोलीस पकडतात. एअरपोर्टवर असली बरीच फिरतात, अपघात झाला तर विम्याच्या नावाने शंख. सकाळी व्हॅन आली की आधी प्लेट बघा.

स्थापत्यवेडा

अवांतर आहे पण राहवत नाही. टोकियो डिस्नेलँड टोकियोत नाहीच मुळी, ते चिबा प्रांतात उरायासुला आहे, आणि ती सगळी जमीन समुद्र भरून केलेली. १५ एप्रिल १९८३ ला सुरू झालं, अमेरिकेबाहेरचं पहिलं डिस्ने. आणि डिस्ने कंपनीच्या मालकीचंही नाही! ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी आहे, ती रॉयल्टी देऊन चालवते. २०११ च्या मार्चमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा उरायासु गावात जमिनीची अक्षरशः लापशी झाली, गटाराची झाकणं वर आली, घरं तिरकी झाली, पार्किंगमध्ये पण चिखल. पण पार्कच्या आत विशेष काही नाही कारण बांधताना खाली वाळूचे खांब ठोकून जमीन घट्ट करून घेतलेली. त्या दिवशी दोन्ही पार्क (डिस्नेलँड आणि शेजारचं डिस्नेसी) मिळून सुमारे ७०,००० माणसं आत होती आणि स्टाफने दुकानातली मऊ खेळणी वाटली, डोक्यावर धरा म्हणून. महिनाभर बंद राहून १५ एप्रिललाच, म्हणजे वाढदिवशीच डिस्नेलँड परत उघडलं.

चिंगुची_आई

काय भारी माहिती. पण धागा भरकटतोय, पाहुण्यांच्या आईंचे गुडघे मध्येच राहिले.

खारघरचा_पाहुणा

नाही नाही येऊ द्या, मजा येतेय. तारीख बदलतोय, १३ किंवा १४ मे. आता प्रश्न की लँड की सी? एकाच दिवशी दोन्ही होतात का?

निशीकासाईकर

एका तिकिटावर एकच पार्क. तिकीट तारखेप्रमाणे मोठ्यांना ७,९०० ते १०,९०० येन (ऑक्टोबर २०२३ पासूनचे दर), ४ ते ११ वर्षांच्या मुलांना ४,७०० ते ५,६००. तुमचे चार मोठे आणि दोन छोटे, गर्दीच्या तारखेला ५४,८०० येन होतात, मधल्या वारी त्याहून कमी. दोन महिने आधी विक्री सुरू होते, तेव्हाच घ्या.

लँड की सी यावर इथे घराघरात भांडणं आहेत. माझं मत सी. सिंड्रेलाचा किल्ला फ्लोरिडातही बघाल, समुद्राच्या थीमचं डिस्ने पार्क जगात फक्त इथे आहे, २००१ चं. मधोमध ज्वालामुखी आहे प्रोमिथियस नावाचा, अधूनमधून खरोखर आग ओकतो, पोरं अशी घाबरून खिदळतात. आणि तुमच्या आईबाबांसाठी सी मुद्दाम सांगतोय कारण तिथे बसून फिरता येतं. ट्रान्झिट स्टीमर म्हणून बोट आहे, छोटी इलेक्ट्रिक रेल्वे आहे, व्हेनिससारख्या नावा आहेत. सिंदबादची बोटीतली राइड आहे, उंचीची अट नाही, गार अंधार, पाण्यावरून हळू हळू जाते, रांग सहसा फारशी नसते, आमची आजी दोनदा बसली होती. ऊन किंवा पाऊस आला तर मरमेड लगून, जलपरीचं जग, त्यातला बराचसा भाग छताखाली आहे, पाच वर्षांच्या पोराला तिथे सोडा आणि तुम्ही टेका.

उंची मोजून या. ज्वालामुखीच्या पोटातली राइड आणि इंडियाना जोन्स दोन्हीला ११७ सेमी लागते, टॉवर ऑफ टेरर आणि सोअरिंगला १०२. गेटवर पट्टी घेऊन उभे असतात, एक सेंटीमीटर कमी असलं तरी हात जोडून नाही म्हणतात, आपलं जरा जाऊ द्या ना भाऊ तिथे चालत नाही. पोरगा रडला तर रडला. तेव्हा आधीच घरी सांगून ठेवा कुठे जायचं नाही ते. आणि मोठ्यांनी एकेक करून बसायचं असेल तर स्टाफला सांगा, एक जण मुलाजवळ थांबतो, दुसरा आला की पहिल्याला परत पूर्ण रांग लावायला लागत नाही.

गोडमिट्ट

फ्रोझनचं विसरलात! २०२४ च्या जूनमध्ये सीमध्ये नवीन भाग उघडलाय, फॅन्टसी स्प्रिंग्ज, फ्रोझन, रॅपन्झेल, पीटर पॅन. ९ वर्षांची मुलगी आहे म्हणजे फ्रोझनशिवाय सुटका नाही. पहिला प्रीमियर ॲक्सेस तोच घ्या, बाकीचं नंतर.

निशीकासाईकर

हो ते राहिलंच. आत गेल्या गेल्या आधी फ्रोझन. पार्क ९ ला उघडतं असं लिहिलेलं असतं पण गेट बहुतेक वेळा आधीच उघडतात, आठच्या आत पोचा.

मुक्काम_पोस्ट_बाणेर

पाहुणे, व्हॅनचा मोह पडत असेल तर एक ऐका. सकाळी टोकियोतून तिकडे जाणारा समुद्राकडचा एक्सप्रेसवे तुंबतो. हॉटेल कुठे आहे तुमचं?

खारघरचा_पाहुणा

उएनो. ट्रेन बघितली मी, टोकियो स्टेशनला केइयो लाइन बदलायची. ते सोपं आहे ना आईंना?

निशीकासाईकर

नाही!! टोकियो स्टेशनवर केइयो लाइनचा प्लॅटफॉर्म स्टेशनच्या दुसऱ्या टोकाला आणि खोल जमिनीखाली आहे. बाकीच्या लाइनवरून तिथे जायला दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं, सरकते पट्टे आहेत मध्ये मध्ये पण तरी. दादर स्टेशनवर सेंट्रलवरून वेस्टर्नला जाणं परवडलं म्हणाल. सकाळच्या ऑफिसच्या गर्दीत आईंना तिथून चालवू नका. उएनोहून हिबिया लाइनने हाच्चोबोरीला जा आणि तिथे केइयो पकडा, चालणं बरंच कमी, लिफ्ट आहे. माइहामा स्टेशनला उतरायचं. लँडला तिथून चालत, सीला मोनोरेल, तिचं तिकीट वेगळं. परत येताना सगळे थकलेले असतील तर टॅक्सी करा, एका मोठ्या आणि एका छोट्या टॅक्सीचे मिळून पैसे झाले तरी व्हॅनच्या पासंगाला पुरणार नाहीत.

आणि गाइडबद्दल माझं म्हणणं एवढंच की पैसे रांगेसाठी देऊ नका कारण ती गोष्ट त्याच्याकडे विकायला नाहीच. गोडमिट्ट यांच्यासारखं आईबाबांना सोबत म्हणून द्यायचे असतील तर द्या, तो चांगला सौदा आहे, पण मग व्हॅन काढून टाका, गाइड अर्ध्या दिवसाचा घ्या, आणि ज्या माणसाशी बुकिंग करताय त्याला लेखी सांगा की तुझं काम आजी-आजोबांसोबत बसणं आहे, राइड नाही. काहींना ते कमीपणाचं वाटतं, ते आधीच कळलेलं बरं.

खारघरचा_पाहुणा

हे पटलं. बायकोला धागा वाचायला दिला, तिचा प्रश्न, व्हीलचेअर मिळते का आत? आणि घरून डबा न्यायचा का? आई पराठे करून नेऊ म्हणतेय, हॉटेलमध्ये कशा करणार देव जाणे, पण ती ठेपले आणि दशम्या भारतातूनच आणणारे.

निशीकासाईकर

व्हीलचेअर गेटजवळ भाड्याने मिळते, स्ट्रोलर पण. व्हीलचेअर घेतली म्हणून रांग टळत नाही, पण आईंचं चालणं टळतं, सीमध्ये चढउतार आणि पूल बरेच आहेत.

बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी आहे, लहान बाळाचं किंवा ॲलर्जीवाल्यांचं सोडून. दशम्या आणा, जरूर आणा, फक्त त्या गेटबाहेर खायच्या. दोन्ही पार्कना बाहेर पिकनिक एरिया आहे, टेबलं बाकडी आहेत, बाहेर यायचं, खाऊन परत आत. दुपारी तिथे बघा, जपानी आज्या पण डबे उघडून बसलेल्या असतात. जाताना तेवढा लोणच्याचा वास जपून :)

सीच्या आत अरेबियन कोस्ट भागात कॅस्बा म्हणून फूड कोर्ट आहे, करी आणि नान मिळतो. आपली नव्हे हं, जपानी पद्धतीची गोडसर करी. रस्सा कशात शिजवलाय ते विचारल्याशिवाय शाकाहारी समजू नका.

चिंगुची_आई

आणि ते मिकीच्या आकाराचे गोंडस बन वगैरे दिसतात फोटोत?

गोडमिट्ट

सीमधला लांबट ग्योझा बन प्रसिद्ध आहे, आत पोर्क असतं. फोटो काढा आणि पुढे व्हा. पॉपकॉर्न मात्र वेड लावतात, करी, सोया सॉस-बटर, कॅरमेल, प्रत्येक गाडीवर वेगळी चव. करीच्या चवीत काय असतं ते शाकाहाऱ्यांनी विचारूनच. कॅरमेलची रांग वासावरून सापडते.

चिंगुची_आई

आमचं दिवाळीचं कोणी सांगेल का? ऑक्टोबर शेवट ते नोव्हेंबर पहिला आठवडा.

निशीकासाईकर

३१ ऑक्टोबरपर्यंत हॅलोविन, मोठी माणसं पण पूर्ण वेष करून येतात, बघायला धमाल पण गर्दी. ३ नोव्हेंबरला सरकारी सुट्टी, तो दिवस टाळा. आणखी एक जे कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत, इथे प्रांतांचे स्वतःचे दिवस असतात आणि त्या दिवशी तिथल्या शाळांना सुट्टी. चिबाचा १५ जून, टोकियोचा १ ऑक्टोबर, साइतामाचा १४ नोव्हेंबर. कॅलेंडरमध्ये साधा वार दिसतो, तुम्ही खुशीत जाता आणि आत शाळा भरलेली. त्या तीन तारखा सोडा.

अण्णा_डोंबिवली

एवढं वाचून आता मलाच जावंसं वाटायला लागलंय. ७३ वर्षांचे बाबा दिवसभर करणार काय पण तिथे? कंटाळतील.

खारघरचा_पाहुणा

अण्णा, बाबा तेच म्हणतायत, मी हॉटेलवर पेपर वाचत बसतो म्हणतात.

निशीकासाईकर

बाबांना खरंच नको असेल तर ओढू नका, तिकिटाचे पैसे पण वाचतात. माइहामाच्या अलीकडचं स्टेशन कासाई-रिनकाई पार्क. खाडीच्या काठी मोठी बाग, मत्स्यालय, ११७ मीटर उंच आकाशपाळणा, भरपूर बाकडी आणि गर्दी नाही. आईबाबा दोघं तिथे आरामात दुपारपर्यंत बसतील, तुम्ही चौघं सी करा. संध्याकाळी त्यांना एक स्टेशन पुढे बोलवा, माइहामा स्टेशनला लागूनच इक्सपियारी मॉल आहे, तिथे जेवा.

आणि १३-१४ मे नक्की झालं की मला व्यनि (खासगी निरोप) करा. मंगळवारी मला सुट्टी टाकता येते, बाबांना मराठी बोलायला माणूस मिळेल आणि मला दशम्या.